जाऊन राह्यलं

सर माणसांशी तुसडं बोलायचे. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण माणूस गेला की त्याला पाकात बुडवून काढायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मला ती मान्य नाही. ते हट्टी होते. कोणी नमस्कार केला तर उलट नमस्कार न करता ‘काम सांगा’ म्हणायचे. कोणाच्या लग्नाला गेले नाहीत, कोणाच्या मयतीला गेले नाहीत. तरी मी त्यांच्यावर लिहायला बसले आहे, पत्रक सोडून दुसरं काही लिहायची सवय नसताना. काहून, ते वाचून ठरवा.

यवतमाळात एक संस्था आहे. तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांतली लहान रक्तसाठवण केंद्रं ती चालवते. नेरला एक, वणीला एक, आमच्या मारेगावला एक, अशी. कोणत्या केंद्राच्या फ्रिजमध्ये कोणत्या रक्ताची पिशवी आहे आणि कोणत्या रुग्णाला कोणतं रक्त चालतं, हे सगळं संस्थेच्या सर्व्हरवर असतं. ते सर्व्हर, तालुक्यांना जोडणाऱ्या लाइनी आणि त्या सगळ्यावरची नजर सरांकडे होती. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. प्रत्येक केंद्राच्या नावापुढे एक दिवा, चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीत असेच दिवे राखायची नोकरी सोडून हा माणूस परत आला होता. तो मूळचा नेरचा. का परत आला, हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला.

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. दुखणं उठलं की हाडं आतून कोणी पिळून काढतंय असं त्याला होतं, आणि रक्त चढवावं लागतं. लहानपणापासून इतकं रक्त चढलं आहे, की आता त्याचं शरीर वाटेल ते रक्त घेत नाही. नुसता गट जुळून भागत नाही, रक्तातल्या बारीक खुणा जुळाव्या लागतात. अशी पिशवी जिल्ह्यात एखाद्याच फ्रिजमध्ये असते. ती कुठे आहे हे वेळेवर कळलं तर भाऊ उठून बसतो, कॉलेजात जातो, माझ्याशी भांडतो. नाही कळलं तर काय, ते मी लिहीत नाही.

मारेगावच्या केंद्रावर आम्हाला एकच वाक्य ऐकायला मिळायचं. सर्व्हर डाउन आहे. आजच्या काळातलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे हे. पूर्वी म्हणायचे, साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब दौऱ्यावरून परत तरी यायचे. या वाक्यापुढे माणूस हात जोडून घरी जातो, कारण सर्व्हर त्याने पाहिलेला नसतो आणि डाउन म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मी तेव्हा रुग्णांच्या संघटनेत नुकतीच पत्रकं लिहायला लागले होते. मी लिहिलं, ‘सर्व्हर डाउन म्हणजे माणूस डाउन!’ गठ्ठा बांधला, आमची माणसं घेतली आणि यवतमाळला जाऊन संस्थेच्या दारात घोषणा सुरू केल्या.

मे महिना होता. डांबर पायाला चिकटत होतं. त्या उन्हात दार उघडून एक माणूस बाहेर आला. अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्याला मफलर. सर्व्हरच्या खोलीत एसी असतो म्हणून ते स्वेटर घालायचे, आणि बाहेर आल्यावर काढायची तसदी घ्यायचे नाहीत. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, “अबे, याचंच टाळकं डाउन हाय.”

सरांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं. उभ्यानेच वाचलं.

“हे कोन लिह्यलं?”

“मी.”

“खोटं हाय.”

“तुमच्याच केंद्रावर आमाले सांगतलं, सर्व्हर डाउन आहे म्हणून!”

“सांगणाऱ्याले काय समजते? सर्व्हर डाउन नव्हता.”

“मग काय होता?”

“जाऊन राह्यला होता.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “माझा भाऊ तिकडे खाटेवर तडफडून राह्यला, अन् तुमी मले व्याकरण शिकवून राह्यले?”

“हो,” सर म्हणाले. “व्याकरणच चुकलं तुमचं. आत या. एकटीनं. तो गठ्ठा बाहेर ठेवा.”

आत गेले. थंडीने अंगावर काटा आला. सरांनी पडदा दाखवला. मारेगावपुढे हिरवा दिवा होता.

“हे यंत्र काय करते, तं घडीघडी सर्व्हरले हाक मारते,” ते म्हणाले. “सर्व्हरनं ओ देल्ली, की दिवा हिरवा. माझा मोठा भाऊ बी हाक मारली की ओ देते. खाटेवरून उठत नाही. मंग त्यानं काम केलं म्हणाव काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमाले डाउन सांगतलं त्या दिवशी सर्व्हर जिवंत होता. ओ देत होता. फक्त कालचं आज सांगून राह्यला होता. पिशवी आली तं त्याले माहीत नाही, गेली तं माहीत नाही. हे ना हिरवं, ना लाल. गेलं नाही, पण जायच्या वाटेले लागलं. आपल्याकडे याले शब्द हाय. जाऊन राह्यलं. इंग्रजीत बनवणाऱ्यानं दोनच दिवे ठेवले, त्याले मी काय करू?”

त्या दिवसानंतर त्यांनी एक केलं होतं. पडद्यावर स्वतःच्या हाताने तिसरा दिवा घातला होता, पिवळा, आणि त्याखाली मराठीत लिहिलं होतं, ‘जाऊन राह्यलं’. पण तो आपोआप लागत नसे. तो लावायला माणसाला फोन करावा लागायचा. सर रोज सकाळी कामाला लागले की प्रत्येक केंद्राला फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला: “हाय का?” त्यावरून केंद्रांवरची माणसं त्यांना पाठीमागे ‘हाय-का’ म्हणायची. समोर म्हणायची हिंमत एकीचीच होती, मारेगावच्या ताईंची. या ताई म्हणजे आमच्या केंद्राच्या तंत्रज्ञ, फ्रिज त्यांच्या ताब्यात. त्यांच्याकडे बसून मी हे फोन कित्येकदा ऐकले आहेत.

“हाय का?”

“हाय, सर.”

“काय हाय?”

“सगळं हाय.”

“सगळं कोन इचारलं? संगणकावर पान उघडा. वरून तिसरी ओळ वाचा. मंग फ्रिज उघडा अन् तीच पिशवी डोळ्यानं पाहा.”

“बाप्पा! सर, तुमच्या पडद्यावर दिसून नाही राह्यलं का?”

“माझ्या पडद्यावर दिवा हाय. दिवा फ्रिज उघडून पाह्यते काय?”

उत्तरं तीनच चालायची. हाय, गेलं, किंवा जाऊन राह्यलं. ‘बहुतेक’ चालायचं नाही. ‘पाहते’ चालायचं नाही. एकदा ताई वैतागून म्हणाल्या, “काहो सर, घरी बायकोले बी असंच इचारता का, हाय का म्हणून?”

पलीकडून उत्तर आलं, “थे ‘गेलं’मधी धरा.”

त्यानंतर ताईंनी बायकोवरून थट्टा केली नाही. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “माय, मी कायले बोलली व!”

माझं पत्रक मी बदललं नाही. शीर्षक चांगलं होतं. पण त्या दिवसापासून आमची पिशवी सापडायला लागली, आणि सर मला ‘पत्रकबाई’ म्हणायला लागले. “ओ पत्रकबाई, तुमची पिशवी वणीले हाय. घेऊन जा.” बस. भावाचं कसं आहे, दुखणं उतरलं का, एवढंसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो. माणसाच्या जिवासाठी धडपडायचं आणि त्या माणसाचं नाव विचारायचं नाही, ही कसली रीत?

दसऱ्याला संस्थेत यंत्रांची पूजा व्हायची. शिपाईमामा हळदकुंकू, झेंडूची माळ आणि उदबत्ती घेऊन सर्व्हरच्या दारात यायचे. सर झेंडू आत नेऊ द्यायचे. हळदकुंकू दाराच्या चौकटीला लावा म्हणायचे. उदबत्तीला मात्र बंदी, कारण धूर झाला की आगीची घंटा वाजायची. “देवाले वास पाह्यजे असन तं बाहेर ये म्हणा,” असं ते म्हणायचे, आणि मग खरोखरच उदबत्ती घेऊन स्वतः बाहेर अंगणात उभे राहायचे, ती विझेपर्यंत. भक्तीने की पहारा म्हणून, हे मला कळलं नाही.

आता त्यांची चूक सांगते. ती लपवली तर या लिहिण्याला अर्थ नाही.

सर्व्हरवर माहिती साठवायचे वेगवेगळे कप्पे असतात. त्यांना काही तरी नाव द्यावं लागतं. सरांनी आपल्या जिल्ह्यातल्या धरणांची नावं दिली होती. निळोणा, अरुणावती, बेंबळा. त्यांचं म्हणणं, धरणही भरतं आणि कप्पाही भरतो, धरणही सोडावं लागतं आणि कप्पाही रिकामा करावा लागतो, मग दुसरं नाव कायले शोधायचं? एका पावसाळ्यात त्यांनी सगळ्या केंद्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश टाकला. ‘बेंबळा भरून राह्यला. दुपारी सोडा लागते. सगळ्यांनी आपापलं सामान काढून घ्यावं.’ खाली सही, नियंत्रण कक्ष, यवतमाळ.

अर्थ एवढाच होता, की त्या कप्प्यातल्या जुन्या फायली दुपारी काढून टाकणार, कोणाला हव्या असतील तर आधी उतरवून घ्या. पण एका केंद्रावरच्या पोराने गावाकडच्या गटात तो पुढे ढकलला. त्याचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला होतं.

गावाने काय करावं? वर लख्ख ऊन पडलं होतं, पण धरणाचं पाणी ऊन पाहून सुटत नसतं. लोकांनी नदीकाठच्या मोटारी काढल्या. शेळ्या टेकडीवर नेल्या. बायांनी धान्याची पोती शाळेत नेऊन टाकली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, नदी होती तशी. आणि मोटार ओढताना एका शेतकऱ्याची बोटं तिच्याखाली चेंगरली.

सर त्याला भेटायला निघाले. गावात आमच्या संघटनेची ओळख होती म्हणून मी सोबत गेले. तो माणूस ओट्यावर बसला होता, हाताला पट्टी. सरांनी नमस्कार केला नाहीच. उभ्यानेच म्हणाले, “मी लिह्यलं थे खरं होतं. बेंबळा भरून राह्यला होता.”

तो म्हणाला, “खरं होतं, तं पाणी कुठं हाय, साहेब?”

सर ओट्याच्या कडेला बसले. चहा आला तो प्याले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. पण त्या माणसाची मोटार अजून काठावरच पडून होती. सरांनी आणि गावातल्या दोघांनी ती पुन्हा पाण्यात बसवली, स्वेटर चिखलाने भरला. मोटार सुरू झाली तेव्हा सर पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाणी येतं का ते पाहून आले, आणि ओट्यावरच्या त्या माणसाला ओरडून म्हणाले, “हाय!” एवढीच त्यांची माफी.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. अचानक बोलले. “माझ्या बायकोचं बी असंच झालं. रोज ओ देत होती. मी समजलो, हिरवं हाय.”

पत्रकात घालण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कप्प्यांची नावं बदलली. धरणं काढून भाज्या घातल्या. ‘वांगं भरून राह्यलं’ असा संदेश आला तेव्हा जिल्ह्यात कोणी मोटारी काढल्या नाहीत. ताईंनी त्याखाली लिहिलं, ‘सर, चुलीवरून उतरवा.’

पण व्यवस्थापकांच्या हातात काठी आली होती. संस्थेला तसंही सगळं क्लाउडवर न्यायचं होतं, म्हणजे स्वतःची यंत्रं मोडीत काढून दूरच्या एका कंपनीच्या यंत्रांवर जागा भाड्याने घ्यायची. नजरही त्या कंपनीचीच राहणार. सर क्लाउडच्या विरोधात होते असं पुढे बोललं गेलं. साफ खोटं. जुनी यंत्रं थकली आहेत, चांगल्या घरात जाऊ, असं त्यांनीच आधी सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “दुसऱ्याचं पक्कं घर हाय, भाड्यानं घ्या, मजेत राहा. पण भाड्यानं राह्यलं म्हणून सकाळी उठून, घरात कोन हाय कोन नाही, हे पाहणं सोडून देता काय?”

त्यांची मागणी दोनच गोष्टींची होती. पिवळा दिवा ठेवा. सकाळचा फोन ठेवा. व्यवस्थापक म्हणाले, फोन ही मागासलेली पद्धत आहे. बेंबळ्याच्या संदेशावर चौकशी लावली आणि ती दाखवून त्यांनी सरांचा करार पुढे वाढवला नाही. सर स्वेटर, मफलर घेऊन नेरला गेले. निरोप समारंभ ठेवला होता, त्याला ते आले नाहीत.

मग एक परिपत्रक निघालं. क्लाउड या शब्दाचं मराठी करायची कोणा शहाण्याला हौस आली होती. केंद्रावरच्या नव्या कारकुनाने ते रांगेतल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवलं: “आपल्या सर्व रुग्णांच्या नोंदी ढगात गेल्या आहेत.” रांगेत माझी याडी होती. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. तिने फक्त एवढंच ऐकलं, की ‘रुग्ण’ म्हटलं आणि ‘ढगात गेले’ म्हटलं, आणि तिचा रुग्ण म्हणजे पोरगा. ढगात जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. याडी पायरीवर बसली ती उठेना. भाऊ तिच्या मागेच उभा होता, तो म्हणत होता, “याडी, मी इथंच हाव ना!” तिला ऐकू येत नव्हतं. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचं तर ती भाषा आधी ऐकावी लागते. एवढी साधी अक्कल त्या परिपत्रकावर सही करणाऱ्या एकाही साहेबाला नसावी?

आणि मग ज्याची मला भीती होती ते झालं.

भावाचं दुखणं उठलं. नेहमीपेक्षा वाईट. सकाळी ताईंनी पान उघडलं. पिशवी वणीला दाखवत होती. वणीचा फोन लागेना. कोळसा भरायला रिकामे ट्रक मारेगाववरून वणीकडे जात असतात, त्यातल्या एकाला हात केला आणि गेले. वणीच्या तंत्रज्ञाने फ्रिज उघडून दाखवला. तो खण रिकामा होता. पिशवी आदल्याच दिवशी दुसऱ्या रुग्णाला गेली होती, त्याने तशी नोंदही केली होती. पण पान अजून कालचंच सांगत होतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे सगळं ग्रीन दिसतंय.”

मी म्हटलं, “मी फ्रिजपुढे उभी आहे.”

तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीम अप आहे.”

सरांना फोन केला. त्यांचा आता या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी सांगायला सुरुवात केली, रडतही होते. ते मध्येच म्हणाले, “रडू नोका. कोणतं रक्त थे मले पाठ हाय. ठेवा.” आणि फोन ठेवून दिला. सांत्वनाचा एक शब्द नाही.

पुढचं मला ताईंनी आणि बाकीच्यांनी नंतर सांगितलं. सरांनी एकेका केंद्राला फोन लावला. त्यांना हुकूम द्यायचा अधिकार उरला नव्हता. पण पलीकडून “हाय का?” ऐकू आलं, की जुनी माणसं खुर्चीतून उठून फ्रिज उघडत होती. नाही. नाही. नाही. शेवटी ते स्वतः नेरच्या केंद्रावर चालत गेले. तिथल्या माणसाला संगणकावर ती पिशवी दिसतच नव्हती. त्याने सर्व्हरवर विश्वास ठेवला होता, सरांनी फ्रिज उघडायला लावला. पिशवी होती. मला फोन आला, “डोळ्यानं पाहून राह्यलो. हाय. येऊन राह्यलो.”

नेरहून यवतमाळ, यवतमाळहून मारेगाव, दोन बस करून सर आले. मी केंद्राच्या दारात उभी होते. बसमधून उतरलेल्या माणसाला मी आधी ओळखलंच नाही, कारण अंगात स्वेटर नव्हता. नुसता शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. किती वाळलेला माणूस होता तो, हे मला त्या दिवशी दिसलं. स्वेटर आणि मफलर त्यांनी बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीला गुंडाळले होते, आतली थंडी टिकावी म्हणून. पेटी त्यांनी ताईंच्या हातात दिली.

“पोचली?”

“पोचली, सर.”

“येतो.”

“सर, पोराले भेटून तं जा. अथीच खाटेवर हाय.”

“माझं तिकडे काय काम?” म्हणाले, आणि आल्या बसने परत गेले. स्वेटर ताईंकडेच राहिला.

रक्त चढलं. भाऊ उठून बसला.

त्यानंतर आम्ही गप्प बसलो नाही. पत्रकावर मागणी एकच होती, सकाळचा फोन आणि पिवळा दिवा परत द्या. व्यवस्थापकांनी आम्हाला बैठकीला बोलावलं. दालनात नवा पडदा होता, सरांच्या पडद्यापेक्षा मोठा, आणि वरपासून खालपर्यंत हिरवा. “पाहा,” साहेब म्हणाले, “काही अडचण दिसते का?” मी मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि ताईंना फोन लावला. “ताई, हाय का?”

ताईंचा आवाज दालनभर घुमला: “कायचं हाय! सकाळपासून पान उघडून राह्यली, नुसतं गोल गोल फिरून राह्यलं.”

पडद्यावर मारेगावचा दिवा हिरवाच होता.

पिवळा दिवा मिळाला. सकाळचा फोनही सुरू झाला, त्याला आता ‘प्रत्यक्ष पडताळणी’ म्हणतात. पण दिव्याखालचे शब्द त्यांनी दिले नाहीत. ‘जाऊन राह्यलं’ ही प्रमाण भाषा नाही, असं साहेब म्हणाले. ढगात गेल्या आहेत, ही प्रमाण भाषा! त्यांनी लिहिलं ‘अंशतः कार्यरत’. मी टेबलावर मूठ आपटली, आमची माणसं घोषणा द्यायला लागली, बैठक तिथेच संपली.

सरांना फोनवर सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, “ओ पत्रकबाई, ‘अंशतः कार्यरत’ वाचून तुमी काय कराल?”

“काय करणार? वाचीन.”

“ ‘गेलं’ ऐकून माणूस बसते. ‘हाय’ ऐकून बी बसते. अन् ‘जाऊन राह्यलं’ ऐकून?”

मी म्हटलं, “उठते.”

“मंग त्या शब्दासाठी भांडा,” म्हणाले. “दिवा तं आला.”

त्यांचा आवाज बसलेला आहे हे माझ्या ध्यानात आलं होतं. विचारायला हवं होतं असं वाटायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.

पाऊस सरल्यावरची गोष्ट. सकाळी ताईंचा फोन आला. नेरच्या केंद्रावरून त्यांना कळलं होतं. ताई शिकलेल्या बाई आहेत, दवाखान्यात राहून सिरियस, क्रिटिकल, सगळे शब्द त्यांना येतात. त्यांनी त्यातला एकही वापरला नाही. त्या म्हणाल्या, “सर जाऊन राह्यले.”

मी उठले. भाऊ जेवत होता, तोही ताटावरून उठला. म्हणाला, मी येतो. ताई केंद्राच्या कोपऱ्यावर उभ्याच होत्या, हातात तो स्वेटर, धुऊन घडी घातलेला. यवतमाळला बस बदलून नेरला पोचलो.

दवाखान्यात सरांच्या उशाशी एक पडदा होता. त्यावर हिरव्या रेघा चालल्या होत्या. नर्स म्हणाली, “सगळं नॉर्मल दिसतंय, पण...” आणि पुढे तिला शब्द सापडला नाही. आम्हाला माहीत होता.

ताईंनी स्वेटर त्यांच्या पायांवर घातला. सरांनी डोळे उघडले. ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे पाहिलं. त्याला त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याचं रक्त पाठ होतं, चेहरा माहीत नव्हता. तरी त्यांनी ओळखलं. ओठ हलले. आवाज जवळजवळ नव्हता, पण ते दोन शब्द ऐकू यायला आवाज लागत नव्हता.

“हाय का?”

भाऊ पुढे झाला. त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्याने, स्पष्ट, त्यांना चालेल असं उत्तर दिलं.

“हाय, सर.”